पाय ब्रेकवर होता

४ मार्च

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस. चिमणी तुझ्याकडे आलेली असली की ती उचलते आणि म्हणते, "मामा, आई झोपलीय." मागून तुझा आवाज येतो, "सांग, गाढ झोपलीय." गाढ झोपलेलं माणूस इतक्या खणखणीत आवाजात बोलतं हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून शेवटी पत्र लिहायला बसलो. फोन कापता येतो, पण पत्र फाडायच्या आधी माणूस निदान आत काय आहे ते बघतो.

चिमणीच्या लग्नाला मी आलो नाही म्हणून तू चिडलीस, आणि तुझं बरोबरच आहे. हॉलपासून तिच्या नव्या घरापर्यंत गाडी मीच चालवणार, असं मी तिला सुट्टीत क्लच शिकवताना कबूल केलं होतं. मामाची वाट बघत ती नवरीच्या कपड्यांत गाडीपाशी उभी राहिली, हे मला कळलंय. पण काय झालं ते तरी ऐकून घे.

तू इथून गेलीस तेव्हा आपल्या डोंगराखाली बोगदा नव्हता. आता आहे. स्टेशन बोगद्याच्या पलीकडे, लायसन्सची टेस्ट घेतात ते मैदानही पलीकडे. तर त्या दिवशी आम्ही दोघं वेळेवर निघालो. चिमणीसाठी घेतलेला टेबललॅम्प हिच्या मांडीवर होता. डोंगरावरचा जुना रस्ता दुरुस्तीसाठी बंद निघाला, म्हणून बोगद्याकडे वळलो, आणि नेमका बोगद्याच्या तोंडाशी ब्रेक जाम झाला. गाडी जागची हलेना. ट्रेन गेली. झालं ते एवढंच. यंत्र आहे, कधीतरी दगा देणारच.

बाकी इकडे सगळं ठीक. ड्रायव्हिंग स्कूल जोरात चाललंय. हल्ली मी सगळ्या विद्यार्थ्यांना टेस्टला डोंगरावरूनच नेतो. वेळ लागतो, पण हवा छान असते आणि वळणांचा सराव होतो. मध्यंतरी सहज छातीचा कार्डिओग्राम काढून घेतला, या वयात काढावा म्हणतात. उत्तम आला. केस जरा वाढलेत. ही म्हणते, चित्रकार दिसतोस.

राग सोड ना आता.

तुझा,
छोट्या


१९ मार्च

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर एकच वाक्य आहे: "ब्रेक जाम झालेल्या गाडीतून तुम्ही घरी कसे परत गेलात?"

तू वकील व्हायला हवी होतीस.

बरं. खरं सांगतो. हे पत्र मी ऑफिसात बसून लिहितोय. ही समोरच्या टेबलावर बसून पावत्या फाडतेय आणि दर थोड्या वेळाने विचारतेय, "लिहिलंस का?" खरं सांगेपर्यंत मला चहा मिळणार नाही असं दिसतंय.

ब्रेकला काहीही झालं नव्हतं. ब्रेकवर माझा पाय होता, आणि तो उचलला जात नव्हता.

सुरुवात नोव्हेंबरात झाली. माझ्याकडे एक डॉक्टरीणबाई गाडी शिकायला येतात. दातांच्या डॉक्टर आहेत. पन्नाशीच्या, हुशार, हात अगदी स्थिर, पण स्टिअरिंग हातात आलं की ते असं धरतात की सोडलं तर पळून जाईल. क्लच सोडताना दर वेळी मोठ्याने विचारतात, "सोडू? सोडू का? सोडला!" आणि गाडी बेडकासारखी उडी मारते. त्यांना घेऊन मी बोगद्यातून चाललो होतो. पुढे कुठेतरी गाड्या अडल्या आणि आम्ही बरोबर मध्यावर थांबलो. मागे बस, पुढे ट्रक, वर दिव्यांची रांग.

आणि कसलंही कारण नसताना, ताई, माझी छाती धडधडायला लागली. साधी नव्हे, दार ठोठावल्यासारखी. श्वास घेतोय पण पुरत नाही. बोटांना मुंग्या, ओठ बधिर. डॉक्टरीणबाई माझ्याशेजारी बसलेल्या, पण काचेपलीकडे बसल्यासारख्या लांब वाटायला लागल्या. मला खात्री पटली की हे शेवटचं आहे. आणि तुला हसू येईल, पण तेव्हा माझ्या मनात काय आलं सांगू? या बाईंना अजून चढावर गाडी उचलता येत नाही, तर त्या मला हॉस्पिटलपर्यंत नेणार कशा?

तेवढ्यात पुढचा ट्रक हलला. बाईंनी क्लच अर्धा सोडला, ॲक्सिलरेटर दिला, गाडी ढिम्म. इंजिन नुसतं गुरगुरतंय. मागून बसवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

"सर, जात नाहीये."

मला बोलताच येत नव्हतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, तुला माहीत आहे. तो मी सगळं वजन टाकून दाबून धरला होता.

मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "सोडू का सोडू" वाली बाई कुठल्या कुठे गेली. ज्या आवाजात त्या दवाखान्यात लोकांना तोंड उघडायला लावतात, तो आवाज आला. "सर, पुढच्या ट्रकवर काय लिहिलंय? मला वाचून दाखवा. मोठ्याने."

"गाद्या," मी म्हटलं.

"पुढे?"

"उशा. पलंग. घरपोच."

"छान. आता उजवा पाय वर घ्या. हळूच. मी आहे."

मी आहे! हे वाक्य माझं आहे, ताई. गेली कित्येक वर्षं मी ते लोकांना म्हणतोय. पाय सुटला. बाईंनी उरलेला सगळा बोगदा पहिल्या गिअरमध्ये पार केला, इंजिन किंचाळत होतं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला "दुसरा टाका" म्हटलं नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. तोवर माझं सगळं ओसरलं होतं. नुसता घाम आणि लाज. त्या म्हणाल्या, "माझ्या खुर्चीत आठवड्याला एकाला तरी असं होतं. घाबरण्याचा झटका असावा. पण मी दातांची डॉक्टर. आधी छाती दाखवून घ्या."

दाखवली. छाती ठणठणीत. ते ऐकून आनंद व्हायला हवा ना? मला उलट वाटलं, मग मी वेडा होतोय की काय? आणि मी ठरवलं की बोगद्यात पाऊलच टाकायचं नाही. मग सुपरमार्केटच्या रांगेत तसंच व्हायला लागलं, ती रांग सोडली. मग लिफ्ट सोडली. मग न्हाव्याची खुर्ची, कारण गळ्याभोवती ते कापड बांधलं की मला उठून पळावंसं वाटायचं. चित्रकारासारख्या केसांची हकीकत ही अशी आहे.

लग्नाच्या दिवशी डोंगरावरचा रस्ता बंद निघाला तेव्हाच माझे हात गार पडले. बोगद्याच्या तोंडाशी मी गाडी कडेला घेतली आणि पाय ब्रेकवर दाबला तो दाबलाच. ही म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "ब्रेक जाम." इतकी वर्षं ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस सांभाळणाऱ्या बाईला मी हे सांगितलं! हिने माझ्या पायाकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, लॅम्प मागच्या सीटवर ठेवला आणि म्हणाली, "सरक. मी चालवते." मी म्हटलं, "बोगद्यात नको. तू एकटी जा लग्नाला." ती म्हणाली, "तुला असा सोडून?" आणि तिने गाडी घराकडे वळवली.

चिमणीला मी हे सांगू शकत नाही. गाडी शिकवताना मीच तिला ओरडायचो, "अगं घाबरतेस काय एवढी!"

चहा आला. दोन बिस्किटंही आहेत. म्हणजे पास झालो.

छोट्या


११ एप्रिल

प्रिय ताई,

पत्र पोचल्या दिवशीच तू फोन केलास. मी "हॅलो" म्हणायच्या आत तू म्हणालीस, "मूर्खा, एवढंच होतं तर सांगायचं नाहीस?" आणि रडलीस. मग मी रडलो. मग तुझा कुकर करपल्याचा वास आला म्हणून तू पळालीस. परत आलीस ती एकदम शांत आवाजात.

"छोट्या, बाबा कधी लिफ्टने गेलेले आठवतात तुला?"

मी म्हटलं, "नाही. बाबांना व्यायामाची आवड होती."

"बाबांना? बाबांना व्यायामाची आवड?" तू म्हणालीस. "रविवारी पेपर उचलायला वाकायचे नाहीत, मला हाक मारायचे!"

तेव्हापासून मी तेच आठवतोय. ऑफिस आठव्या मजल्यावर, आणि रोज जिना. सगळी बिल्डिंग कौतुक करायची. सिनेमाला गेलो की कडेची खुर्ची, "पाय लांब करायला." बसमध्ये जागा असली तरी दाराशी उभे. आपण म्हणायचो, बाबांना वारा आवडतो. बिचारा माणूस आयुष्यभर एकटाच दाराजवळ उभा राहिला आणि आपण त्याला खेळाडू समजत होतो. ते असते तर मी त्यांना म्हटलं असतं, चला बाबा, दोघं मिळून जाऊ लिफ्टने. खरंच म्हटलं असतं.

तू विचारलंस म्हणून सांगतो. हो, मी जातोय. डॉक्टरीणबाईंनीच नाव दिलं. समुपदेशक आहे, दाढीवाला, माझ्या निम्म्या वयाचा, पायात रंगीत मोजे. पहिल्या दिवशी मी दार उघडं ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, "ठेवू की. आज ठेवू."

त्याने मला माझ्याच धंद्यातलं उदाहरण दिलं. म्हणाला, "तुमच्या गल्लीत एखादी गाडी असेल, मांजर बॉनेटवर बसलं तरी तिचा अलार्म बोंबलतो?" मी म्हटलं, "आहे की, शेजाऱ्यांची." "अलार्म खरा वाजतो ना? आवाज खोटा नाही. फक्त चोर नाहीये. तुमच्या शरीरातही तेच चाललंय. तुम्ही मात्र प्रत्येक वेळी मांजर बघून गल्ली सोडून पळताय. त्यामुळे अलार्मला वाटतं, बरं झालं मी वाजलो, वाचवलं याला." मग म्हणाला, झटका चढतो तसा उतरतोच, वर चढून तिथेच राहिला असं होत नाही. आपण उतरेपर्यंत थांबत नाही म्हणून आपल्याला ते कळत नाही.

ऐकायला सोपं आहे. पण पुढे त्याने जो अभ्यास दिला तो ऐक. मुद्दाम छाती धडधडवायची! जिना धावत चढायचा. बारीक नळीतून श्वास घ्यायचा. फिरत्या खुर्चीत बसून गरगर फिरायचं. म्हणजे ज्या ज्या गोष्टींना मी घाबरतो त्या आपणच शरीरात आणायच्या आणि न पळता बघत बसायचं की पुढे काय होतं.

तर परवा मी ऑफिसात सरबताची नळी तोंडात धरून फिरत्या खुर्चीत गरगर फिरत होतो. तेवढ्यात एक नवीन गृहस्थ चौकशीला आले. "इथे गाडी शिकवतात ना?" मी थांबेपर्यंत तीनदा त्यांच्यासमोरून गेलो. हिने पावत्यांतून मान वर न काढता सांगितलं, "हो. हे आमचे मुख्य शिक्षक." गृहस्थ नाव न नोंदवता गेले. आम्ही दोघं इतके हसलो की माझी छाती खरोखर धडधडली, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही धडधड आणि ती धडधड एकच आहे.

न्हाव्याकडे जाऊन आलो. मध्येच झटका आला. कापड गळ्याशी, अर्धं डोकं कापलेलं. पळायचं तरी कसल्या अवस्थेत? बसून राहिलो. चढला, घाम फुटला, उतरला. न्हावी क्रिकेटवर बोलत होता, त्याला पत्ताही लागला नाही. आता चित्रकार नाही, पुन्हा ड्रायव्हिंग मास्तर दिसतो.

बोगदा मात्र अजून बाकी आहे.

छोट्या


२ मे

प्रिय ताई,

बोगदा झाला!

डॉक्टरीणबाईंची टेस्ट ठरली. मी सवयीने म्हटलं, "डोंगरावरून जाऊ." त्या म्हणाल्या, "सर, मी डोंगरावरून जाणार नाही. त्या वळणांनी मला उलटी येते. बोगद्यातून नेत असाल तर टेस्ट देते, नाहीतर जन्मभर शिकाऊच राहते." मी दाढीवाल्याला फोन केला, तो काहीतरी सवलत देईल म्हणून. तो म्हणाला, "वा! कधी आहे?"

आदल्या दिवशी मी आणि ही एकदा जाऊन आलो, गाडी हिने चालवली. मी मागच्या सीटवर. फार वाईट गेलं, पण गेलं. तेव्हा कुठे बाईंना हो म्हणायचा धीर झाला.

झटक्याच्या भीतीने सतत जवळ बाळगायचो ती पाण्याची बाटली घरी ठेवली. तीही माझी कुबडीच झाली होती म्हणे. बाईंना आधीच सांगून ठेवलं की मला झालं तरी तुम्ही गाडी चालवत राहायचं, ब्रेक तुमच्याकडेही आहे. बोगद्याच्या तोंडाशी त्या म्हणाल्या, "सर, मलाही भीती वाटते हां." मी म्हटलं, "कसली?" "तुमची नाही, बसवाल्याची."

आत शिरलो आणि तो आला. ठरल्याप्रमाणे मी लढलो नाही. मोठ्याने सांगत सुटलो, रेडिओवर सामन्याचं वर्णन करतात तसं. "छाती सुरू झाली. आता बोटं. आता असं वाटतंय की मी मरणार."

"नोंद घेतली," बाई म्हणाल्या. "तिसरा टाकू का?"

"टाका. अजून चढतोय."

"इंडिकेटर द्यावा लागेल का?"

"लेन बदलत नाही, कशाला इंडिकेटर! पुढचं अंतर ठेवा. अहो, अंतर! ट्रकच्या डिकीत बसायचंय का?"

आणि ताई, हे बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी शिकवतोय. भीती होती, शेजारीच होती, पण मी तिच्याकडे बघायचं सोडून बाईंच्या क्लचकडे बघत होतो. समोर उजेडाचा ठिपका दिसला, मोठा झाला, आणि आम्ही बाहेर. ऊन असं डोळ्यांवर आलं की दोघांनीही एकदम हात वर केला. मी त्यांना म्हटलं, "चला, अर्धी टेस्ट तर पास झालो."

उरलेल्या अर्ध्या टेस्टमध्ये त्या नापास झाल्या. गाडी मागे घेऊन खांबांमध्ये लावायची होती. त्यांनी खांबच लावला, गाडीच्या मागे, आडवा. परीक्षकाने कागदावर फुली मारली.

त्या तोंड पाडून आल्या आणि मला हसू आवरेना. नापास म्हणजे परत टेस्ट. परत टेस्ट म्हणजे परत बोगदा! कुणाच्या नापास होण्याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता. दाढीवाल्याने सांगितलंच होतं, एकदा जाऊन भागत नाही, कंटाळा येईपर्यंत जायचं. परत येताना झटका आला, पण अर्ध्याच मनाने आल्यासारखा. दुसऱ्या टेस्टला बाई पास झाल्या, आणि त्या दिवशी बोगद्यात आम्ही दातांवरून भांडत होतो. त्या म्हणतात माझी एक दाढ काढायला हवी. मी म्हटलं, त्या खुर्चीत मी बसणार नाही. त्या म्हणाल्या, "बसाल. ट्रकवर काय लिहिलंय ते वाचायला लावीन."

मी पूर्ण बरा झालोय असं नाही. मागच्या आठवड्यात लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावर उतरून जिना धरला. दुसऱ्या दिवशी परत लिफ्टने गेलो. दाढीवाला म्हणाला, चालायचंच. मी म्हटलं, बाबांना हे कुणी सांगायला हवं होतं.

आता विचारतो. तू हो म्हणालीस तर येऊ का? चिमणीला मी परवा फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, लग्नाच्या दिवशी मी गाडीत बसल्यावर माझेही हात थरथरत होते. मला वाटलं होतं तू असशील तर हसशील मला." मी म्हटलं, "अगं वेडे, मी असतो तर आपण दोघं तिथेच थरथरत बसलो असतो, वरात दुपारपर्यंत निघाली नसती."

छोट्या


१४ जून, ट्रेनमध्ये

ताई,

हे पत्र पोस्टात पडणार नाही, हातातच देईन. तोंडाने बोलायला गेलो की आपण दोघं रडू आणि तुझं पुन्हा काहीतरी करपेल.

सकाळी बोगद्यातून आलो, गाडी मी चालवली. काही झालं नाही. इतकं काही झालं नाही की पलीकडे आल्यावर हिने विचारलं, "मध्ये कधी होता बोगदा?" मी तर मनातून नाचत होतो. आणि मग प्लॅटफॉर्मवर, जिथे ना बोगदा ना लिफ्ट, मोकळं आकाश, तिथे आला पठ्ठ्या! सगळं तसंच, छाती, बोटं, ओठ. ट्रेन लागलेली, लोक चढतायत. एक क्षण वाटलं, परत जावं. हिला म्हटलं, "आला." ती म्हणाली, "बस बॅगेवर. मी आपल्या जागा धरते." आणि चढूनही गेली! मला एकट्याला सोडून. मी बॅगेवर बसलो. पळालो नाही. चढला तेवढा चढला, आणि गार्डाने शिट्टी वाजवायच्या आत उतरायला लागला. बॅग उचलली आणि डब्यात आलो. ही खिडकीत बसून सँडविच खात होती. एवढंच म्हणाली, "लवकर आटपलं आज."

मी विचारलं, "भीती नाही वाटली तुला, मी चढलोच नसतो तर?"

"वाटली," ती म्हणाली. "म्हणून तर दुसरं सँडविच खाल्लं."

ते माझं होतं, ताई.

तुला वाटेल, अजून होतंय म्हणजे काय उपयोग. मलाही आधी तसंच वाटायचं. पण आता तो येतो तेव्हा मला त्याचा चेहरा ओळखू येतो. नात्यातला एखादा नको असलेला पाहुणा असतो ना, बोलावलं नसताना येतो, आरडाओरडा करतो, चहा न घेताच जातो. त्याच्यासाठी घर बदलायचं नसतं.

गाडी हळू होतेय. ही बॅगा काढतेय आणि मला लिहिणं आटप म्हणतेय. खिडकीतून तू दिसलीस. शेजारी चिमणी, हातात गाडीची किल्ली नाचवतेय, म्हणजे मलाच चालवायला लावणार. आणि तू तिसऱ्याच डब्याकडे बघून जोरजोरात हात हलवतेयस. त्या डब्यातला एक अनोळखी माणूस तुला परत हात हलवतोय.

ताई, अगं इकडे! थांब, उतरतोच.